पुलावरचे पाय

मित्रांनो, मी एक जुनी लढाई आहे. घाबरू नका, माझ्यात रक्ताचा थेंबही नाही. संग्रहालयाच्या मागच्या दालनात, काचेच्या पेटीत मांडलेली मी प्लास्टरची, भुशाची आणि शिशाच्या सैनिकांची लढाई आहे.

मला एका कारागिराने आणि त्याच्या बायकोने घडवले. तो टेकडी, नदी, पूल करी. ती बारीक कुंचल्याने सैनिकांना मिशा काढी.

"अगं, सगळ्यांना एकसारख्याच मिशा?" तो विचारी.

"एकाच न्हाव्याकडे जात असतील!"

एके दिवशी डोंगरवस्तीतली एक बाई त्यांच्याकडे आली. त्या लढाईत पूल राखताना तिचे वडील पडले होते. "माझे बाबा डावखुरे होते हो," एवढेच ती म्हणाली. कारागिराने पुलावरच्या पहिल्या सैनिकाचा भाला काढला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

माझ्यापुढच्या फलकावर लिहिले होते, 'डोंगरवस्तीच्या माणसांनी पूल राखला. शत्रू नदीपलीकडेच अडला, राजधानी वाचली, म्हणून आज हा देश आहे.' काय दिवस होते ते! मुलांच्या नाकांचे ठसे काचेवर उमटत. ती बाई दरवर्षी लढाईच्या दिवशी येई. पुढे तिचे केस पिकले आणि बोटाला नात आली.

"तो बघ, डाव्या हातात भाला. तुझे पणजोबा."

"माझ्यासारखेच डावरे!"

"मग! तुला कोणी हात बदलायला लावला, तर मला येऊन सांग."

पुढे खाणीसाठी डोंगर घ्यायचे ठरले. वस्तीची माणसे आडवी आली आणि ज्यांनी देश राखला म्हणून फलकावर लिहिले होते, त्यांनाच देशाचे वैरी म्हणायला लोकांना चार दिवससुद्धा लागले नाहीत. संग्रहालयाचे नवे साहेब रंगाऱ्याला घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"ही पुलावरची माणसं काढून टाका."

"मग पूल कोणी राखला, साहेब?"

"घोडदळानं."

"घोडदळ तर टेकडीमागं आहे."

"मग पुढं घ्या की!"

"घोडे प्लास्टरमध्ये बसवलेत. ओढले तर टेकडी पण येईल."

"राहू द्या तिथंच. कोण बघतंय एवढं?"

फलक बदलला. पुलावरचे सैनिक पक्कडीने उपटले गेले. शिसे मऊ असते, मित्रांनो, ते घोट्यांपाशी तुटले. पाय मात्र पुलात घट्ट रुतलेले. रंगाऱ्याने त्यांच्यावर पुलाचाच रंग फासला आणि तो घरी गेला.

त्या वर्षी म्हातारी आली. तिने काचेवर तळहात टेकवला. "बाबा कुठे गेले?"

"आजी, काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

ती पुन्हा कधी आली नाही.

परवा एक शाळा आली. बरोबरच्या बाईंनी डाव्या हाताने चष्मा सावरला आणि मी ओळखले. ती नात! बाईंनी नवा फलक मोठ्याने वाचला, 'घोडदळाने पूल राखला आणि देश घडवला.' आवाज अगदी सपाट होता. मुख्याध्यापक मागेच उभे होते.

"बाई," एक मुलगी म्हणाली, "घोडे तर टेकडीमागं आहेत. पुलावर कुणीच नाही. मग शत्रू थांबला कशाला?" ती खाली वाकली. "अय्या, इथं नुसते पाय आहेत! कुणाचे आहेत हो?"

बाई तिच्याशेजारी वाकल्या. पुलावरच्या पहिल्या दोन पायांकडे त्यांनी किती वेळ तरी पाहिले. मी वाट पाहिली. इतकी वाट मी शत्रूचीही पाहिली नव्हती.

"परीक्षेत घोडदळच लिही," त्या म्हणाल्या. "चला, रांग करा."

मित्रांनो, लढायांनी देश घडतात, हे खरे आहे. पण लढाई संपल्यावर ती कोण सांगतो, यावर तो देश कोणाचा हे ठरते. माझी काच पुसायला आता कोणी येत नाही. तुम्ही आलात, तर बाहीने थोडी पुसा. फलक वाचू नका. खाली वाका. पुलावरच्या माणसांना विसरा म्हणणाऱ्यांची पक्कड जिथपर्यंत पोचली नाही, तिथे ते पाय अजून उभे आहेत. तोंड शत्रूकडे. पाठ तुमच्याकडे, विश्वासाने.