करण्यात आले

आमच्या लॅबच्या दारावर मालती मॅडमनं कागद चिकटवला तेव्हा सगळ्यात जास्त हसलो तो मी. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो, पण खोटं कशाला बोलू, हसलो व्हतो.

मी जोतीराम. गाव कन्हेरी. इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या काँक्रीट लॅबला चोवीस वर्षं असिस्टंट हाय. पोरं मला तात्या म्हणत्यात. बारामतीची, इंदापूरची, माळेगावची, सगळी बॅच माझ्या हाताखालनं गेली. कुणी पूल बांधतंय, कुणी कारखान्याच्या बांधकामावर साहेब हाय. भेटली की पाया पडत्यात. आणि मीबी ऐटीत पडून घेत व्हतो.

मॅडम नव्या व्हत्या. कागदावर पाच नियम. जे रीडिंग येईल ते तितंच, पेनानं लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर न्हाय, व्हाइटनर न्हाय. त्याच वेळी असिस्टंटची सही घ्यायची. दोन फायलींत तेच आकडे सापडले तर दोघांची टर्म जाणार. आणि पाचवा नियम असा: निरीक्षण मराठीत लिहिलं तरी चालंल, पण ‘करण्यात आले’ लिहायचं न्हाय. कुणी केलं ते लिहायचं. मी मिसळलं, मी मोजलं, मी पाहिलं.

‘‘अहो मॅडम,’’ मी म्हणालो, ‘‘ ‘करण्यात आले’ काढून टाकलं तर कॉलेजच्या फायलीत राहणार काय? नुसतं स्टेपल!’’

पोरं खो खो हसली. मॅडम हसल्या न्हायत. म्हणाल्या, ‘‘तात्या, काम कुणी केलं हे लिहायला लाज वाटत असेल, तर ते काम नीट झालेलं नसतं.’’

मी मान हलवली आणि मनात म्हणलं, दोन महिनं थांबा बाई, तुमीबी सरळ व्हाल.

कारण आमची रीत वेगळी व्हती. आमच्यात रीडिंग घेत न्हायत, बसवत्यात. माझ्या कपाटात एक तपकिरी कव्हरची फाईल व्हती. कुठल्या तरी हुशार पोरानं केलेली, सगळी उत्तरं चोख. कुणाचं रीडिंग वाकडं आलं की मी ती काढायचो, दोन-चार आकडे इकडं तिकडं करून द्यायचो. पोरगं खूश, सर खूश, मीबी खूश. ह्यात कुणाचं वाईट झालं असं मला चोवीस वर्षांत एकदाबी वाटलं न्हाय. उलट वाटायचं, आपण पोरांचं भलंच करतोय.

त्या बॅचमध्ये कळसची सोनम व्हती. शेतकऱ्याची पोरगी. मोजमाप घेताना जीभ दातात धरायची. वाळू, खडी, सिमेंट असं तोलून घ्यायची की बघणाऱ्याला कंटाळा यावा. बाकीची पोरं घमेल्यानं अंदाजे टाकत, ही काट्यावर ग्रॅम बघत बसायची. तिनं तीन क्यूब भरले, म्हणजे काँक्रीटचे वीतभर ठोकळे. अठ्ठावीस दिवस ते टाकीच्या पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती दाबाला फुटला ते रीडिंग.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिचा पहिला क्यूब तीनशे चौऱ्याऐंशीला फुटला. यायला पायजे सहाशेच्या आसपास. दुसरा तीनशे एक्क्याण्णव. तिसरा तीनशे अठ्ठ्याहत्तर. पोरीचं तोंड एवढंसं झालं. तरी तिनं तिन्ही आकडे पेनानं लिहिले आणि वही माझ्याफुडं सहीला धरली.

मला कारण ठावं व्हतं. तिला दिलेलं सिमेंट दिवाळीपासनं फोडून ठेवलेल्या पोत्यातलं व्हतं. ते पोतं मीच टाकीच्या कडंला ठेवलं व्हतं, ओल लागून त्यात गोळे झाले व्हते. नवीन पोतं मागवायचं तर अर्ज करा, सही घ्या, स्टोअरला दोन चकरा मारा. मी आपले गोळे हातानं फोडले, चाळले, आणि दिलं. मेलेलं सिमेंट ते, त्यात जोर कुठनं येणार?

पण तसं सांगितलं असतं तर बोट माझ्याकडं आलं असतं. मी म्हणालो, ‘‘सोनम, तुझा हात बसला न्हाय अजून. मिसळायला चुकलीस. हुतं असं पोरींचं. आण ती वही.’’

‘‘पण तात्या, मॅडमनी सांगितलंय जे आलं तेच—’’

‘‘मॅडम काल आल्यात. मी चोवीस वर्षं हाय हितं.’’

मी ते पान टरकन् फाडलं. तपकिरी फाईल काढली, तिला सांगितलं लिही: सहाशे चार, सहाशे अकरा, पाचशे सत्त्याण्णव. तिनं लिहिलं. मोठ्या माणसाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून लिहिलं. मी खाली झोकात सही केली.

फुडच्या आठवड्यात कोऱ्हाळ्याचा ऋषिराज आला. त्यानं तर क्यूब फोडलेसुद्धा न्हायत. ‘‘तात्या, बसवा की जरा,’’ म्हणाला, आणि मी बसवलं. त्याच पानावरनं. पान उलटायचा आळस केला. तेच तीन आकडे, तीच सही.

मार्च महिन्यात फायली तपासायला गेल्या. एका मंगळवारी मॅडमनी आमाला तिघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन फायली उघड्या. मला बघताक्षणीच कळलं.

‘‘तिन्ही आकडे सारखे आहेत,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तात्या, दोन्हीकडे सही तुमची आहे. हे आकडे तुमच्या डोळ्यांसमोर आले का?’’

सोनमनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय, नुसतं बघितलं. ऋषिराज बुटाकडं बघत व्हता. मला फक्त एक शब्द बोलायचा व्हता, न्हाय.

‘‘व्हय मॅडम,’’ मी म्हणालो. ‘‘येत्यात कधी कधी सारखे. योगायोग.’’

मॅडमनी दोन्ही फायली मिटल्या. मग दोघांना म्हणाल्या, ‘‘तीनही आकड्यांचा योगायोग मी मानत नाही. कुणी कुणाचं छापलं ते शुक्रवारपर्यंत लिहून द्या. जो लिहून देईल त्याची टर्म जाईल, दुसऱ्याची वाचेल. कुणीच नाही दिलं, तर दोघांची.’’

टर्म गेली म्हणजे परीक्षेला बसता येत न्हाय. म्हणजे एक वर्ष गेलं. कळसवरनं रोज एसटीनं येणाऱ्या पोरीचं एक वर्ष म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी एकदा वर्ष गेलं की मग पोरीचं शिक्षण राहतं का, लग्नाचं सुरू हुतं, हे मी दहा वेळा बघितलेलं हाय.

बुधवार गेला. मी लॅबमध्ये येऊन मशीन पुसत बसलो. स्वच्छ मशीन परत पुसलं.

गुरुवारी दुपारी सोनम एकटीच आली. मी मनाची तयारी केली, आता बोलणार, शिव्या देणार. तिनं सॅकमधनं कोरा कागद काढला.

‘‘तात्या, मी लिहून देते,’’ म्हणाली. ‘‘ऋषिराजचं मी छापलं म्हणून. तुमचं नाव यायला नको. तुमची नोकरी जायची. तसंबी माझं रीडिंग चुकीचंच आलं व्हतं. तुमी मला मदतच केली.’’

आता सांगतो ते कुणाला सांगितलेलं न्हाय. मला आधी बरं वाटलं. अगदी छाती मोकळी झाली. मनात आलं, सुटलो बुवा! आणि मी तिला बसायला स्टूल दिलं. स्वतःच्या हातानं फुडं सारलं. थू माझ्या जिंदगीवर, मी त्या पोरीला स्टूल दिलं!

ती लिहायला लागली. जीभ दातात धरून, तिच्या सवयीनं. मी खांद्यावरनं वाचलं. ‘मी, सोनम, असे लिहून देते की मी हे आकडे छापले.’ बिचारी नियम पाळत व्हती. न केलेल्या कामालासुद्धा ‘मी’ लिहीत व्हती, आणि मी केलेल्या कामापुढं उभा राहून गप्प व्हतो. माझ्या कानशिलात जाळ झाला. मी तिच्या हातातनं कागद वढून घेतला, चुरगाळला आणि म्हणालो, ‘‘घरी जा. गाडी चुकंल तुझी.’’

‘‘पण तात्या—’’

‘‘जा म्हणतो न्हवं!’’

ती घाबरून गेली. मी माझा कागद घेतला. चोवीस वर्षांत पोरांच्या हजार फायलींवर सह्या केल्या, पण आपलं असं काय लिहायची वेळ आली नव्हती. लिहिलं आणि तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. ‘‘ ‘सदर विद्यार्थ्यांस आकडे देण्यात आले. मूळ पान फाडण्यात आले.’ कुणी दिले, तात्या?’’

‘‘मी.’’

‘‘मग तसं लिहा.’’

मी तितंच उभ्यानं दुसरा लिहिला. त्यात ‘माझ्याकडून’ लिहिलं. मॅडमनी तोबी परत केला. त्या चिडल्या नव्हत्या, तेच जास्त जड जात व्हतं. त्यांनी तिसरा कोरा कागद दिला, खुर्ची पुढं केली आणि म्हणाल्या, ‘‘बसून लिहा. सगळं लिहा.’’

मग लिहिलं. मी पोतं ओलीत ठेवलं. मला ठावं असून मी तेच सिमेंट दिलं. मी पान फाडलं. मी आकडे सांगितले. मी मंगळवारी खोटं बोललो. दर वाक्याला ‘मी’ आला की वाटायचं कुणी तरी थोबाडीत हाणतंय. पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि नाक पुसत लिहीत व्हतो.

शुक्रवारी निकाल लागला. दोघांना त्या प्रयोगाला शून्य, पण टर्म वाचली. ऋषिराजला सगळे क्यूब नव्यानं भरायला लावले. माझी तपकिरी फाईल मॅडमनी नेली आणि मला मेमो आला. मेमोचं काय न्हाय. कमीच झालं.

माझा कागद मॅडमनी दोघांना वाचायला दिला व्हता. संध्याकाळी सोनम लॅबच्या दारात आली. मी म्हणालो, ‘‘सुटलीस पोरी.’’

ती आत आली न्हाय. म्हणाली, ‘‘सिमेंट खराब व्हतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘मी बरोबर मिसळलं व्हतं?’’

‘‘तुझ्यासारखं कुणी मिसळत न्हाय.’’

‘‘आणि तुमाला त्याच दिवशी ठावं व्हतं?’’

मी मान खाली घातली. तिनं सॅक खांद्यावर सारखी केली. मग म्हणाली, ‘‘सुट्टीत इंदापूरकडच्या पुलाच्या साइटवर ट्रेनिंग व्हतं, तात्या. मॅडमनी माझं नाव घातलं व्हतं. मी जाऊन काढून घेतलं. वाटलं, लोक म्हणतील, हिला तीन ठोकळे जमंनात आणि चालली पूल बांधायला.’’

‘‘अगं मग परत घाल की! मी येतो मॅडमकडं, आत्ता येतो.’’ मी उठलोसुद्धा.

‘‘यादी सोमवारीच गेली,’’ ती म्हणाली. ‘‘आणि मी आईला सांगून ठेवलंय, ह्यातलं मला काय जमत न्हाय म्हणून. तिनं खरं धरलंय. आता तिला कोण सांगणार?’’

‘‘मी सांगतो,’’ मी म्हणालो. ‘‘मी येतो कळसला.’’

तिनं माझ्याकडं बघितलं. ‘‘तुमचं ती कशाला खरं मानंल?’’ म्हणाली, आणि एसटी धरायला निघून गेली.