कपाळावर बसलेलं फुलपाखरू

बोरीवलीला जंगलाच्या भिंतीलगतच्या वस्तीत त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. भीमराजबाबा एकेकाच्या कपाळाला तीर्थ लावत होते आणि झाडीतून फुलपाखरू येऊन नेमकं तिथेच बसत होतं.

"बसलं! रोग उचलला! गोळ्या टाका गटारात!" बाबा माइकवर ओरडले. लोकांनी हात जोडले. फुलपाखराला एवढी डॉक्टरकी कोणी शिकवली, हे कोणी विचारेना.

माझ्या शेजारच्या वनमालाताईंनी त्यांच्या लेकीच्या, श्रुतिकाच्या, फिटच्या गोळ्या खरोखरच बंद केल्या होत्या. आठ वर्षांची पोर! माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तीर्थाचा वास मला ओळखीचा वाटला. मी फुलपाखरांवर संशोधन करते. त्यांना बोलवायला आम्हीही केळं आणि गूळ आंबवून ठेवतो. मी बोटभर तीर्थ घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीला फासलं. थोड्याच वेळात खुर्चीवरही फुलपाखरू बसलं.

"बाबा, खुर्चीला काय झालं होतं?"

लोक हसले. बाबा "नास्तिकाची नजर! नास्तिकाची नजर!" करत बसले.

वनमालाताई मात्र हसल्या नाहीत. "युक्ती असेल गं मानसी. पण गुण येतो ना! किती जण सांगतायत माइकवर."

"गुण आला तेच माइकवर येतात, ताई. आम्ही फुलपाखरं मोजताना फुलांपाशीच उभं राहत नाही. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवतो, मग तिथे नुसता दगड का असेना. नाहीतर अख्खं जंगल फुलपाखरांनी भरलंय असं वाटेल. चला, बाबांकडे गेलेल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकू. तुम्हीच उचला."

ताईंनी उचलल्या. आम्ही दारोदार फिरलो. कोणी म्हणालं, जरा बरं वाटतं. बरेच जण म्हणाले, फरक काहीच नाही, पण बोलायचं कसं? चिठ्ठीत निघालेल्या जयंतीच्या दाराला कुलूप होतं.

"तिच्या मुलाचं, मिथुनचं, इन्शुलिन बंद केलं होतं," शेजारीण म्हणाली. "आयसीयूत आहे. शुद्धीवर नाही अजून."

ताईंनी विचारलं, "त्याच्या कपाळावर फुलपाखरू बसलं नव्हतं?"

"बसलं होतं ना. दोन बसली होती."

ताई तिथेच पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या. मग उठून श्रुतिकाला घेऊन तडक डॉक्टरांकडे गेल्या.

तुम्हालाही कोणी चमत्कार दाखवेल. बरे झालेले मोजून दाखवेल. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच विचारा: जे सांगायला इथे आले नाहीत, त्यांचं काय झालं? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका.