जावयांनी सुधारलेला लॅपटॉप

मोठ्या बाईंच्या भरतकामाच्या कारखान्यात सहा सुयांचं एक यंत्र होतं, दोन कारागीर बाया होत्या आणि नऊ वर्षांचा एक लॅपटॉप होता. सून लॅपटॉपवर नक्षी तयार करायची आणि यंत्र ती कापडावर भरायचं. कुणाचं काही अडत नव्हतं. मग एका रविवारी जावई आले, जेवले आणि हात पुसता पुसता म्हणाले, "अजून ही सिस्टिम? आई, कुठल्या काळात राहता? मी अपग्रेड करून देतो."

दिली करून. काय दिवे लावले ते सोमवारी दिसलं.

नक्षीतल्या बगळ्याचा पंख पडद्यावर मोठा करून बघायला जावं, तर आधी नुसते चौकोन उमटत, मग अर्धा पंख येई, आणि माउसचा बाण आपला मागून लंगडत. जो टाका चुटकीसरशी सरकायचा, तो सरकेपर्यंत माणसाची जांभई देऊन व्हायची. हा बगळा हॉटेलच्या वाढप्यांच्या कोटांवर भरायचा होता. गुरुवारी चारला नमुना दाखवला नाही, तर काम मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जाणार होतं. त्या शिंप्याचे टाके बाईंनी पाहिले होते. गोणी बरी.

तरी तीन दिवस घरात कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनीच बजावलं होतं, "जावयांनी हात लावलाय. नावं ठेवायची नाहीत." जावई म्हणजे कॉम्प्युटरमधला देवमाणूस, असं त्यांनी चारचौघांत मिरवलं होतं. आता थुंकलेलं गिळणार कोण?

गुरुवार उजाडला तरी बगळ्याला पंख एकच. तेव्हा कुठे बाईंनी जावयांना बोलावून घेतलं.

जावई खुर्चीत रेलले. त्यांनी मागचं चित्र काढून टाकलं, खिडक्यांच्या सावल्या बंद केल्या, लॅपटॉपखाली दोन जाडी पुस्तकं सरकवली. "हवा खेळू द्या." काही फरक पडला नाही. मग निकाल लागला. "आई, मशीन म्हातारी झाली. हिला ग्राफिक्स झेपत नाही."

"शनिवारपर्यंत झेपत होतं."

"तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

चौथीत शाळा सोडलेल्या बाईंना त्यातलं खरंच कळत नव्हतं. पण चांगलं चालतं यंत्र कुणी हात लावून गेल्यावर अडलं, तर वय यंत्राचं काढायचं नसतं, एवढं कळत होतं. त्या सुनेकडे वळल्या. "तू काय गप्प? तोंडात टाचण्या धरल्यात का?"

सून हळूच म्हणाली, "आई, चित्र काढायला आत वेगळी चिप असते. अपग्रेडमध्ये तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, गेला. चिप आहे, पण सिस्टिम तिला ओळखत नाही. सगळं चित्र एकटा प्रोसेसर ओढतोय."

"म्हणजे एकाने राबायचं आणि दुसऱ्याने आत बसून राहायचं." बाईंनी जावयांकडे बघितलं. "पाहिलीत अशी माणसं. कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, नावं ठेवायची नाहीत."

बाईंनी मान वळवून घड्याळाकडे बघितलं.

"मी रविवारीच सगळ्यात नवा ड्रायव्हर टाकून पाहिला," जावई म्हणाले. "घेतच नाही."

"नवा या चिपसाठी नाहीच. कंपनीच्या साइटवर या मॉडेलचा जुना आहे. तो घेते."

"जुना जुन्या सिस्टिमचा. पडदा काळा पडला तर मला बोलवू नका."

घड्याळात साडेदहा झाले होते. जावयाचं काम त्याच्यादेखत सुनेनं पुसायचं, असं या घरात कधी घडलं नव्हतं. बाईंनी पदर खोचला.

"जावईबापू, उठा. ती खुर्ची कामाच्या माणसाची आहे."

जावई उठले. सुनेनं ड्रायव्हर उतरवला, बसवला. पडदा काळा पडला.

"सांगितलं होतं," जावई म्हणाले, अगदी समाधानानं.

बाई सुनेच्या खुर्चीमागे अगदी खेटून उभ्या राहिल्या. पडदा उजळला. सुनेनं पंख मोठा केला, तो झरकन पुढे आला, एकेक टाका मोजून घ्यावा इतका स्वच्छ. पुन्हा तेच होऊ नये म्हणून ड्रायव्हर आपोआप बदलायची सोयही तिनं तिथल्या तिथे बंद केली.

"मी तेच सुचवणार होतो," जावई म्हणाले.

"हो ना. तोंडापर्यंत यायलाच उशीर झाला," बाई म्हणाल्या.

पावणेचारला नमुना हॉटेलात पोचला. व्यवस्थापकानं पंखावरून अंगठा फिरवला आणि काम सुरू करा म्हणाला.

परतल्यावर बाई सुनेजवळ खुर्ची ओढून बसल्या. "यापुढे कामात कुणी घोळ घातला, तर तोंडावर सांगायचं. मी घातला तरी."

"मग आत्ताच सांगते, आई. सकाळपासून तुम्ही माझ्या मानेवर श्वास सोडत उभ्या होतात. त्यानं दोन टाके चुकले."

बाईंनी डोळे वटारले. मग खुर्ची वीतभर मागे घेतली.