पिवळ्या कागदावरच्या चार खुणा

आधीच सांगून टाकते, मी भांडखोर बाई आहे. आमच्या गावच्या लायब्ररीत दर गुरुवारी लोकांच्या फोन-कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायला मी बसते. कुणाच्या फोनची अक्षरं एकाएकी मुंगीएवढी होतात, कुणाचा पासवर्ड चष्म्याच्या घरात असतो आणि चष्म्याचं घर बसमध्ये. कुणाला नातवाने पाठवलेलं घड्याळ मनगटावर गुरगुरतं म्हणून धडकी भरते. हे सगळं मी हसत करते. राग येतो तो दुसऱ्याच लोकांचा.

दर महिन्याला मी एक पिवळा कागद छापते. वर बाजारात काय नवीन आलं ते, खाली कामाच्या सूचना. ऑक्टोबरच्या कागदात वर घडी घालायचा फोन होता आणि खाली भामट्यांचा मेसेज ओळखायच्या चार खुणा. घाई, धमकी, लिंक आणि पाठवणाऱ्याचं नाव नसणं. चारही जुळल्या तर उघडू नका, उत्तर देऊ नका, पुसून टाका. शेवटचे दोन शब्द मी जाड ठशात छापले होते. उन्हाळ्यात आमच्या दोन वाचकांना अशाच मेसेजनी नागवलं होतं, त्याची चीड अजून डोक्यात होती.

तो कागद मिसेस निएमींनी फ्रिजवर लावला. आयली निएमी, वय एक्क्याऐंशी, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. मीही त्यांच्याच बसमधून शाळेत गेले. कुणी सीटवर उभं राहिलं तर त्या ओरडायच्या नाहीत, आरशातून नुसत्या बघायच्या, आणि आम्ही गप खाली. आता त्या हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. बावीस पायऱ्यांचा लाकडी जिना. गेल्या हिवाळ्यात त्याच जिन्यावरून पडून खुबा मोडला, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एक मिनेसोटाचा हिवाळा या जिन्यावर काढायचा नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याने, बांधलेल्या ‘बर्च कोर्ट’च्या यादीत त्या पाच वर्षं होत्या. सगळी घरं जमिनीलगत, एकही पायरी नाही. त्यांचा नंबर आता पहिला होता, आणि सहा नंबरचं घर नोव्हेंबरअखेर रिकामं व्हायचं होतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी त्या वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आल्या. दुसऱ्या हातात फोन.

“लॉर्ना, तीन भामटे पकडले मी!”

“अरे वा! शाब्बास, मिसेस निएमी!”

“दोन पुसले. तिसरा ठेवलाय तुला दाखवायला. नाव नाही, नुसता पाच आकडी नंबर. चारही खुणांवर पेन्सिलीने बरोबर केलंय बघ. बघतेस ना?”

माझ्यासमोर पाच जण रांगेत होते. “बघायचं काय त्यात? पुसून टाका.”

त्यांनी पुसलं. मी टाळी दिली. पाव फार छान झाला होता.

दोन आठवड्यांनी त्या परत आल्या, पाव नव्हता. एक पत्र होतं, कागदावरचं, टपालाने आलेलं. ‘तीनदा कळवूनही आपण माहिती भरली नाही, सबब आपलं नाव यादीतून काढण्यात येत आहे.’

मी ते दोनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली. नाव काढलं हे सांगायला यांच्याकडे पाकीट आहे, तिकीट आहे, नाव-पत्ता सगळं आहे, आणि माहिती भरा हे सांगायला एक निनावी पाच आकडी नंबर!

“मी काही चुकीचं केलं का गं?” त्यांनी विचारलं. तीस वर्षांत एकदाही बस उशिरा न आणलेली बाई मला हे विचारत होती.

“कोट चढवा,” मी म्हटलं. “निघालो आपण.”

काउंटीचं घरांचं ऑफिस बारा मैलांवर. काचेपलीकडे क्रेग लुंडीन नावाचा गृहस्थ बसला होता, चाळिशीचा, नीट भांग पाडलेला. आणि त्याच्या काचेवर कोण? माझाच पिवळा कागद! काउंटीच्या सगळ्या ऑफिसांना मीच पाठवला होता.

“आम्ही तीन वेळा कळवलं, मॅडम,” तो म्हणाला.

“काय कळवलं ते वाचून दाखवा.”

त्याने वाचलं. “‘आपला अर्ज रद्द होणार आहे. बहात्तर तासांच्या आत खालील लिंकवर माहिती भरा.’”

“घाई. धमकी. लिंक. आणि नाव कुठाय? तुमच्या डोक्यावर लावलाय तो कागद वाचा जरा! भामट्यांनी सुद्धा याहून बरा लिहिला असता!”

“ते सिस्टिममधून जातं. मी लिहीत नाही.”

“मग तुम्ही करता काय इथे?”

मिसेस निएमींनी माझी बाही ओढली. मी दात खाऊन मागे सरले. शेवटी त्याने एक अर्ज भरून घेतला. सहा नंबर सोमवारपर्यंत कुणाला देणार नाही म्हणाला. फेरविचार झाला की कळवू.

“कसं कळवणार?” मी विचारलं.

“मेसेज जाईल.”

“कुठल्या नंबरवरून?”

“ते सिस्टिम ठरवते.”

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी दुपारी मी त्यांचं सामान वर नेऊन देत होते. चौदाव्या पायरीवर त्या दम घ्यायला बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. नवाच पाच आकडी नंबर. ‘आपला अर्ज तात्पुरता ग्राह्य. अठ्ठेचाळीस तासांत खात्री न केल्यास रद्द समजण्यात येईल.’ खाली लिंक.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “खरा की खोटा?”

गावभर शहाणपणा वाटत फिरणारी मी. तो मेसेज चार वेळा वाचला आणि मला कळेना. चारही खुणा जुळत होत्या. लिंक उघडली आणि भामटे निघाले तर त्यांची सगळी माहिती गेली. पुसला आणि खरा निघाला तर घर गेलं. ऑफिसला फोन लावला, तर यंत्रातली बाई म्हणते, तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे. दहा मिनिटं तेच. मी फोन आपटायच्या बेतात होते.

“किती वाजले?” मिसेस निएमींनी विचारलं.

“तीन पन्नास. साडेचारला बंद करतात.”

“मग बसलीस काय? हात दे.”

चौदा पायऱ्या त्या परत उतरल्या, एकेक. गाडीत मला म्हणाल्या, “पुढे सिग्नल आहे, हळू.” मी हळू केलं.

क्रेग मफलर गुंडाळत होता. मी काचेवर मूठ हाणली. त्याने फोन हातात घेतला, मेसेज पाहिला आणि पापणीसुद्धा न हलवता म्हणाला,

“हा आमचा नाही. पुसून टाका.”

त्याचं बोट पुढे झालं सुद्धा.

“हात मागे घे,” मिसेस निएमी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आरशातून बघायच्या तसं बघितलं. “आधी तुझ्या मशीनमध्ये बघ.”

तो बसला. मफलर गळ्यातच. बटणं दाबली, थांबला, परत दाबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“आमचाच आहे,” तो पुटपुटला.

मग मी सुटले. पाच वर्षांची यादी, बावीस पायऱ्या, मोडलेला खुबा, सगळं काढलं. “तुला, खुर्चीवर बसून, तुमचाच मेसेज ओळखता येत नाही, आणि यांनी ओळखला नाही म्हणून घर काढून घेतोस? न बघता पुसून टाका म्हणतोस? लाज वाटत नाही?” आतल्या टेबलावरची एक बाई उठून दाराशी आली. मिसेस निएमींनी काचेवरचा पिवळा कागद सोडवला, उलटा केला आणि त्याच्यापुढे सरकवला. “हाताने लिही. सहा नंबर, आयली निएमी. खाली सही आणि तारीख.” त्याने लिहिलं.

परत येताना अंधारलं होतं, बारीक बर्फ पडत होता. मला अजून धाप लागली होती. “कसली माणसं ही!” मी म्हटलं. “न बघता सांगतो, पुसून टाका!”

मिसेस निएमी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवत होत्या.

“त्याने शेवटी बघितलं तरी,” त्या म्हणाल्या. “मी तुलाही दाखवत होते, लॉर्ना. त्या गुरुवारी.”

पुढे सिग्नल होता. मी आपणहून हळू केलं.