झाडपेटीचा कुंचा

हरेश्वर चुरी पालघरच्या एका भातगिरणीत फिटर होता. गिरणीत कोंडा उडायचा, तो कपड्यांतून माकुणसारच्या घरी यायचा, आणि सकाळी झाडताना त्याची बायको विजया खोकून खोकून खाली बसायची. धूळ न उडवता केर उचलणारं काही करता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात तिथून आला. साल १९६४.

सात महिने खपून त्याने एक लाकडी पेटी केली. खाली चार चाकं, मधोमध काथ्याचा गोल ब्रश. दांड्याने पेटी ढकलली की चाकांबरोबर ब्रश फिरे आणि केर मागच्या पत्र्याच्या खणात जाऊन पडे. तिला तो झाडपेटी म्हणू लागला. विजयाने ती पहिल्यांदा घरात फिरवली तेव्हा केराबरोबर सारवणाचे पोपडेही निघाले. ती रागावली नाही. तिने खण उघडून त्याला दाखवला आणि म्हणाली, "हिला फरशी लागेल. आपल्या गावात फरशी किती जणांकडे आहे?"

फरशी बोईसरला होती. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चालू होतं आणि तिथे येणाऱ्या लोकांसाठी नवी घरं उठत होती. हरेश्वर रविवारी पेटी घेऊन गाडीने बोईसरला उतरे आणि दारोदार ती फिरवून दाखवी. लोक कौतुक करत, चहा पाजत. दीड वर्षात अकरा पेट्या खपल्या. त्यातल्या चार परत आल्या. वाळूने चाकं अडतात, भिंतीकडेचा केर तसाच राहतो, अशा तक्रारी होत्या. त्याने चाकांचे आस बदलले, ब्रश लांब केला, तरी भिंतीकडचा केर काही उचलला जाईना. गिरणीतले लोक आता त्याला पेटीवरून चिडवू लागले होते.

परुळेकर नावाच्या इंजिनिअरच्या घरची पेटी मात्र परत आली नाही. तिचं कसं काय चाललंय, ते बघायला तो एका सकाळी तिथे गेला. पेटी नवसी फिरवत होती. नवसी वरठा ही जवळच्याच पाड्यावर राहायची आणि परुळेकरांकडे धुणंभांडी, केर-लादी करायची. पेटीच्या पुढच्या कोपऱ्यावर तिने शिंदीच्या पात्यांची एक जुडी तिरकी बांधली होती. जुडी भिंतीकडचा केर आत ओढी आणि मागून येणारा ब्रश तो उचले. आसावर तिने तेलाची चिंधी गुंडाळली होती, त्यामुळे वाळू आत जात नव्हती.

हे कोणी करायला सांगितलं, असं त्याने विचारलं. कोणी नाही, असं नवसी म्हणाली. पेटी कोपऱ्यात जात नाय, मग परत वाकून झाडायला लागतं, म्हणून बांधलं. तिने काम थांबवलं नाही. हरेश्वर ओट्यावर बसून बघत राहिला. दोन वर्षं तो पेटीच्या आत शोधत होता ते तिने बाहेरून बांधलं होतं, याचा त्याला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

त्याने त्या जुडीचा फिरता कुंचा केला आणि तो चाकाला जोडला. आसावर लोकरी कापडाची चकती बसवली. ही नवी पेटी चालली. मुंबईच्या एका दुकानाने मागणी नोंदवली. हरेश्वरने गिरणी सोडली आणि पालघरला स्टेशनामागे शेड घेतली.

पहिली नवी पेटी त्याने परुळेकरबाईंना नेऊन दिली होती. चार महिन्यांनी तो पुन्हा गेला तेव्हा पेटी बाई स्वतःच फिरवत होत्या. काम आता इतकं सोपं झालंय, की नवसीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाकलं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी हे त्याच्या कौतुकासाठीच सांगितलं होतं. तो चहा न घेता निघाला.

नवसी त्याला रस्त्याच्या कामावर खडी फोडताना सापडली. त्याने शेडमध्ये काम देऊ केलं. शिंदीची पाती निवडून कुंचे बांधायचे होते आणि ते तिच्याइतकं कोणाला जमणार नव्हतं. नवसीने हातोडी बाजूला ठेवली.

"माझ्या एकटीचं नको," ती म्हणाली. "लाडकीला घ्या, जमुनाला घ्या. त्या पन तिकडंच कामाला होत्या. तुमची पेटी त्यांच्या पन बायांच्या घरात गेली, त्यांचं पन काम गेलं."

त्याने तिघींना घेतलं.

पुढे पेटंटचा अर्ज करायची वेळ आली. मुंबईच्या वकिलांनी शोध लावणाऱ्याच्या रकान्यात हरेश्वरचं नाव लिहून कागद सहीला पाठवले. दोन दिवस ते घरी पडून होते. तिसऱ्या दिवशी विजयाने विचारलं, सही का होत नाही. त्याने रकाना दाखवला.

"पेटी तुमची," विजया म्हणाली. "कुंचा कोणाचा?"

त्याने कागद परत पाठवले. दुसरं नाव घातलं तर पुढे कटकट होईल, असं वकिलांनी कळवलं. ती बाई उद्या हक्क सांगेल, असंही लिहिलं. सांगेल तर सांगू दे, असं उत्तर त्याने धाडलं.

नवे कागद आले तेव्हा तो ते घेऊन शेडमध्ये गेला आणि त्यांत काय लिहिलंय ते त्याने नवसीला सावकाश समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. यामुळे परुळेकरबाई परत कामाला बोलावतील का, एवढंच तिने विचारलं. नाही, असं तो म्हणाला.

"मंग काय व्हईल?"

"कुंचा तू केलास, असं सरकारात लिहिलेलं राहील."

"तो तर मीच केला," नवसी म्हणाली. तिने पदराला हात पुसले, शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि त्याने बोट ठेवलं होतं तिथे उठवला. ठसा जरा फिसकटला. तिने दुसरा उठवू का म्हणून विचारलं. त्याने चालेल म्हटलं, तरी तिने बाजूला एक नीट उठवला.