झिजेचे पैसे

"पुन्हा वजा!" सर पेड्रोसांनी आर्सेलीच्या वहीत डोकावून कपाळाला हात लावला. "अगं इंदाय, माझ्या पोरी, रोकड काढताना घसारा मिळवायचा असतो. मिळवायचा! चार महिने मी कोणाशी बोलतोय, या भिंतीशी?"

वर्ग खो खो हसला. इलोइलो शहरातल्या माणसांची बोली मुळातच अशी गोड, हेलकाव्याची, की शिव्यासुद्धा लाडाने दिल्यासारख्या वाटतात. आर्सेलीला मात्र आज त्या गोडव्याचीच चीड आली.

"माहीत आहे, सर. पण घाईत हात वजा करून मोकळा होतो."

"मग उद्या हात घरी ठेवून ये." सर शेजारच्या बाकावर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. यंत्र झिजलं म्हणून नफ्यातून रक्कम कापली. बरोबर? पण त्या झिजेपायी कुणाच्या हातावर पैसे ठेवले का? नाही. कापलं ते नुसतं कागदावर. म्हणून खरी रोकड शोधताना ते परत मिळवायचं. सोपं आहे गं."

सोपंच होतं. समजतही होतं. पण कळतं पण वळत नाही, अशातली गत. आणि ही हिशेबनिसाच्या परवान्याची परीक्षा भारी लबाड. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली, त्यांत चुकणाऱ्याचं उत्तरही मांडून ठेवलेलं. घसारा वजा केला की जो आकडा येतो, तोच समोर साळसूदपणे बसलेला. गेल्या खेपेला तो दिसला आणि आर्सेलीने हुश्श करून तोच निवडला होता. बाकीचे विषय निघाले, तेवढा हा राहिला. उद्याही गेला तर नियमाप्रमाणे सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून द्यायचे. वयाची तिशी उलटलेली, दिवसभर हार्डवेअरच्या दुकानातली कारकुनी. पुन्हा पहिल्यापासून तिला झेपलं नसतं, आणि हे तिने अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.

वर्ग सुटल्यावर सगळी पोरं हारोच्या चर्चमध्ये परीक्षेच्या पेन्सिलींवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायला गेली. आर्सेलीही रांगेत उभी राहिली, पण तिचा पाय काही ठरेना. बोटाने तळहातावर गणित मांडून बघितलं, आणि बोटानेही वजाच केलं. मग पाद्रीबाबा तिच्यापर्यंत पोचायच्या आतच ती रांग सोडून घराकडे निघाली.

घरी ताताय अजून आलेले नव्हते. आई, म्हणजे नानाय, गेल्यापासून घरात ही दोघंच, बाप आणि लेक. तिने भात टाकला, टेबलावर वही उघडली, बंद केली, खिडकीशी गेली, परत आली. तेवढ्यात बाहेर ताताय इस्लाव यांची ट्रायसिकल, मोटारसायकलला जोडलेली भाड्याची तिचाकी, खोकत खोकत येऊन थांबली. म्हातारा उजवा पाय ओढत आत आला. वर्षानुवर्षं लाथा मारून ते इंजिन चालू करायचं, त्यात तो गुडघा कामातून गेला होता. रोजच्याप्रमाणे टोपीसुद्धा न काढता त्यांनी चुलीजवळच्या खांबाला बांधलेल्या बांबूच्या फटीत आधी चार नाणी सोडली.

"हे झिजेचे," ते म्हणाले. "आता सांग, तांदूळ आहेत का आणू?"

आर्सेली बघतच राहिली. समज आल्यापासून रोज संध्याकाळी तिने हेच पाहिलं होतं, हेच ऐकलं होतं. आधी झिजेचे पैसे बाजूला काढायचे, मग उरतील त्यात तांदूळ आणि मासळी.

"ताताय! तुमच्यामुळे मी नापास होतेय!"

"मी काय केलं गं?"

"सर म्हणतात, झिजेपायी हातातून पैसे जात नाहीत. पण आपल्याकडे तर रोज जातात! माझ्या डोक्यात हेच बसलंय."

"तुझ्या सरांनी कधी ट्रायसिकल चालवली आहे का?" ताताय हसले. "चल, जेवून घे. आणि हात धुऊ नकोस आता. दिवसभर लिहून तापलेत, पास्मा होईल. उद्या थरथरतील."

तिचं लक्ष कुठे होतं! हिशेबनिसाचं मन एकदा खटकलं की गप्प बसत नाही. "ताताय, इंजिन नवीन कधी घातलंत?"

"घातलं की मागे."

"मागे कधी? मी शाळेत असताना हेच होतं. हाच आवाज."

म्हातारा भाताच्या पातेल्यावरचं झाकण उगाच उचलून बघू लागला.

"बांबू तर तुम्ही दर जूनला फोडायचात. मी विचारलं की म्हणायचात, इंजिनाला लागले."

"जूनमध्ये शाळा सुरू होतात," ताताय पातेल्यातच बघत म्हणाले. "मग कॉलेज. मग हा तुझा क्लास. इंजिन काय गं, लाथ घातली की होतं सुरू. त्याला कुठे पुस्तकं लागतात?"

"म्हणजे इंजिनाला..."

"एक पेसो नाही. आता माझ्यावर ओरडू नकोस. उद्या परीक्षा आहे."

ती ओरडली नाही. तिला ओरडावंसं फार वाटलं, मिठीही मारावीशी वाटली. यातलं काहीच न करता तिने दोघांची ताटं वाढली आणि आपल्या ताटातलं सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आलाच. माल वाहणारी एक कंपनी, तिच्या गाड्या, नफा, घसारा. आर्सेलीचा हात सवयीने वजाकडे गेला आणि थांबला. झिजेपायी कुणाला काही दिलं का? नाही. एक पेसोही नाही. फी गेली ती फीच्या नावाने गेली, ती वेगळी. इंजिन नुसतंच झिजत राहिलं. तिने घसारा मिळवला. आकडा आला, चार उत्तरांत तो होता, आणि या वेळी तो खरा होता.

तिने गोल काळा केला. कधी नव्हे ते हा हिशेब तिला पुरता कळला होता, आणि कळला तसा तिला तो मुळीच पटला नाही. तातायांच्या त्या गुडघ्याची रक्कम कुठल्याच ओळीत येत नव्हती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पर्यवेक्षक मॅडम जवळ आल्या. "काय झालं? काही सुचत नाही का?"

"नाही मॅडम," आर्सेली म्हणाली. "उत्तर आलं."

मॅडम पुढे गेल्या. आर्सेलीने बाहीने डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.