कुरळ्या केसांचा कंगवा

मी एक जुना कंगवा आहे. मित्रांनो, माझा एक दात पडलाय, बाकीचे शाबूत आहेत. पण तोंडच नसल्यामुळे एका घरातलं गुपित माझ्यापाशी सुखरूप राहिलं.

कारखान्यातल्या साच्यातून मी निघालो, दुकानात धूळ खात पडलो, आणि या गावात नव्याने आलेल्या एका विधवा बाईने मला विकत घेतलं. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. तिचे केस सरळसोट. त्याचे असे कुरळे की माझा दात त्यांनीच घेतला. तरी शेजारीण म्हणायची, "पोरगा अगदी आईवर गेलाय हो!" आई नुसती हसायची. तो अनाथालयातून आणलेला, हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. "मोठा झाला की सांगेन," असं ती आरशापुढे पुटपुटायची.

मोठा होऊन तो गोदामात कामाला लागला. रोज घाईघाईने मला डोक्यातून ओढायचा, केस तसेच अडकवून पळायचा आणि आईची बोलणी खायचा.

मग गोदाम जळालं. देह ओळखू येईनात. 'तो कुठल्यातरी दवाखान्यात असेल, येईल,' म्हणत आईने वेड्यासारखं घर आवरलं. त्याची चादर, कपडे, ब्रश, सगळं उकळत्या पाण्यात घातलं. मलाही घासून लख्ख केलं.

प्रयोगशाळेने नातेवाइकांचं रक्त घेतलं. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "मावशी, तुमचं रक्त कोणाशीच जुळत नाही. तुमचा मुलगा यांत नाही!"

शेजारणीने आनंदाने तिला मिठी मारली. आईने मात्र ती मिठी सोडवली. गप्प राहिली असती, तर गुपितही राहिलं असतं आणि आशाही.

"बाई," ती म्हणाली, "मी त्याला जन्म दिलेला नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "त्याच्या वापरातलं काही आहे? एखादा केस?"

आईने पिशवीतून मला काढलं. बाईंनी भिंगाखाली माझा एकेक दात तपासला.

"हा कोणी धुतला?"

"मीच. तो येणार होता ना."

मित्रांनो, शेवटी 'वस्तू नीट जपा' असं मी तुम्हाला सांगायला हवं. कोणत्या तोंडाने सांगू? मला तर नीटच जपलं होतं.

उरलेले देह बेवारस म्हणून न्यायला गाडी आली. आई मला मुठीत धरून तिच्यामागे धावली. "अहो, बेवारस काय म्हणता? थांबा! मी आहे ना!"